हर्षलानं पुसून टाकलेलं पेज

"सावंत मॅडम, हर्षलाचं पेज बघितलंत का?" केदारनं केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारलं. "एकदम फर्स्ट क्लास झालंय. उद्या दुपारी क्लायंटला दाखवू. आणि तिचं कन्फर्मेशनचं लेटरही तयार करतो."

मी पेज उघडलं. खरंच फर्स्ट क्लास होतं, आणि मला शंका आली ती त्यामुळेच. परवाच याच मुलीचं पेज मी मोबाईलवर उघडलं होतं तेव्हा जेवणाचा मेनू खाली सरकून फोटोंच्या डोक्यावर बसला होता. दोन दिवसांत माणूस सुधारतो, पण इतका सुधारत नाही. निदान माझ्या बघण्यात तरी नाही.

आमची कंपनी छोटी आहे. विरार पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानाच्या वर. डॉक्टर, क्लासवाले, हॉटेलवाले यांच्या वेबसाइट आम्ही बनवतो. केदार मालक आहे, माझ्यापेक्षा बराच लहान. मी आधी अंधेरीला मोठ्या कंपनीत होते. गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी शोधली, ती ही. पद सिनियर डेव्हलपर. काम म्हणजे कोड लिहिणं, आणि बाकीच्यांचा कोड वाचून त्यातलं काय सुधारायचं ते सांगणं. या दुसऱ्या कामाला कोड रिव्ह्यू म्हणतात. शाळेत बाई वही तपासायच्या तसंच, फक्त इथे शेरे ऑनलाइन असतात आणि ते सगळ्या टीमला दिसतात.

हर्षला पाटील आमच्याकडे ट्रायलवर आली होती. वय तिशीच्या पुढे, बी.कॉम. माहेर आणि सासर दोन्ही खाडीकाठच्या गावांत. घरची भातशेती, आणि नवरा व दीर मिळून रेती-सिमेंटचा गाळा चालवतात. लग्नानंतर ती त्याच गाळ्यावर बिलं करायला बसायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिनं वेब डिझाइनचा कोर्स केला. घरच्यांना तिनं शब्द दिला होता की तीन महिने मला नोकरी करून बघू द्या, कायम नाही केलं तर परत गाळ्यावर बसेन, पुन्हा विषय काढणार नाही. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सांगितलं होतं. तीन महिने संपत आले होते. म्हणजे केदार जे लेटर तयार करतो म्हणत होता, त्यावर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

तिला एकटीला दिलेलं हे पहिलंच काम, आणि ते सोपं होतं. राजोडीला पीटर काकांचा होमस्टे आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून लोक येतात, मासे खातात, किनाऱ्यावर फिरतात, झोपतात आणि जातात. त्यांना एकच पान हवं होतं. फोटो, जेवण, खोल्या, फोन नंबर.

तिनं पहिलं पेज टाकलं त्या संध्याकाळी केदारनं रिव्ह्यू केला. केदार मनापासून काम करणारा मुलगा आहे. त्यानं एकेक ओळ वाचली आणि जिथे खटकलं तिथे कॉमेंट टाकली. "फिक्स हाइट नको." "इथेही नको." "रिकामा डिव्ह कशासाठी??" "मोबाईलवर तुटतंय." "फोटोला वर्णन नाही." "हे मेर काय आहे??" त्याला दोन प्रश्नचिन्हं टाकायची सवय आहे, लग्नाच्या शुभेच्छांमध्येसुद्धा टाकेल. कॉमेंट्सचा ढीग झाला. मी दुसऱ्या दिवशी तो पाहिला आणि म्हटलं, हर्षला आली की बसू हिच्याबरोबर. पण त्या दिवशी ती आलीच नाही. मुलीला ताप आहे, घरून काम करते, असा मेसेज आला. आणि आज हे नवंकोरं, झकास पेज.

मी कोड उघडला. दुसऱ्याचा कोड वाचायची सवय लागली की लिहिणारा माणूस ओळखू यायला लागतो, हातच्या भाजीवरून घर ओळखावं तसा. हा हात हर्षलाचा नव्हता. सगळं नीट, आखीव, एकसारखं. मग मधेच एक भाग सापडला जो पानावर दिसत नव्हता, नुसता लपवून ठेवला होता. त्यात कुठल्याशा परदेशी रेस्टॉरंटचं टेबल बुक करायचा फॉर्म होता. त्याच्या खाली वाइनची यादी. पीटर काका फार तर सोलकढी देतात.

म्हणजे हे टेम्पलेट होतं. टेम्पलेट म्हणजे दुसऱ्यानं बनवून ठेवलेलं तयार पान, त्यात आपली नावं भरायची. टेम्पलेट वापरणं हा गुन्हा नाही. पण ते आपण लिहिलं म्हणून दाखवणं आमच्याकडे चालत नाही. मागच्या वर्षी एकानं तसं केलं होतं. ते टेम्पलेट विकतचं निघालं, मूळ मालकाची नोटीस थेट क्लायंटला गेली आणि क्लायंट केदारच्या केबिनमध्ये येऊन वाट्टेल ते बोलला. केदारनं त्या मुलाला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

मला तिचा राग आला आणि कीवही आली. राग जरा जास्त होता. मी तिला हाक मारली, म्हटलं, चल, चहा घेऊन येऊ. आमच्याकडे एकांतात बोलायचं तर जिना ही एकच जागा. खालून चहाचे कप घेऊन आम्ही तळणाचा वास घेत मधल्या पायरीवर थांबलो.

"हर्षला, ते पेज तू लिहिलंस?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. इतकी चटकन म्हणाली की मी पुढचं तयार केलेलं सगळं विसरले. ती बहुतेक सकाळपासून कुणीतरी विचारायची वाट बघत होती.

"आणि तुझं जुनं?"

"पुसून टाकलं."

"सगळं?"

"सगळं. एवढ्या चुका होत्या. ठेवून काय करायचं त्याचं?" तिनं कपाकडे बघतच सांगितलं. "आमच्याकडं भाताच्या शेतात खारं पानी शिरलं ना मॅडम, की ते शेत त्या वर्षापुरतं सोडून देतात. त्यात डागडुजी कोनी करत नाय. माझं पन तसंच झालं."

एरवी ती ऑफिसात अगदी नीट, सगळ्यांसारखं बोलायची. पाणी-पणचं पानी-पन झालं तेव्हा कळलं की बाई आतून पार हलली आहे.

मग तिनं सगळं सांगितलं. केदारच्या कॉमेंट्स येत होत्या तेव्हा ती घरी भाकऱ्या करत होती. फोन ओट्यावर होता. प्रत्येक कॉमेंटला तो वाजायचा. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "कोनाचं गो एवढं काम निघालंय?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. भाकऱ्या झाल्यावर तिनं फोन हातात घेतला आणि वरून खालपर्यंत वाचलं. एकही ओळ चांगली म्हणून सापडली नाही. तिच्या सासरी एक रीत आहे, कुणी रांधलेल्याला नाव ठेवलं तर उलट बोलायचं नाही, काय बिघडलं तेही विचारायचं नाही. गुपचूप दुसरं करायचं. तिनं तेच केलं, नेटवरून तयार पान उतरवून घेतलं. मुलीला ताप वगैरे काही नव्हता.

मी म्हटलं, "तू पुसलंस ते आहे अजून."

आम्ही कोड ठेवतो त्या सामायिक जागेला गिट म्हणतात. तिथे तुम्ही काहीही पुसलंत तरी आधीची प्रत राहते, हवी तेव्हा काढता येते. कोर्समध्ये तिला हे शिकवलं असणार, पण परीक्षेपुरतं. हे ऐकून तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती घाबरली.

"म्हणजे ते सगळ्यांना दिसतं?"

"दिसतं. चल, आपण आधी बघू. मग केदारकडे जायचं."

"सरांना तुम्ही सांगणार?"

"मी नाही. तू सांगायचंस. उद्या पीटर काका यायच्या आत."

"नोकरी जाईल मॅडम?"

"जाऊ शकते," मी म्हटलं. खोटा धीर देऊन मला तिला केबिनमध्ये पाठवायचं नव्हतं.

जुनं पेज काढलं. माझ्या शेजारी खुर्ची ओढून तिला बसवलं. रिव्ह्यूची माझी एक पद्धत आहे. नवीन माणसाला मी आधी चूक सांगत नाही. एका ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, ही ओळ लिहिताना तुला काय व्हायला हवं होतं? उत्तर आलं की निम्मं काम होतं, कारण चूक बहुतेक वेळा ओळीत नसते, तिच्यामागच्या समजुतीत असते.

मी "मेर" वर बोट ठेवलं. तिच्या पानात जेवण, फोटो, खोल्या असे चौकोन होते. कोडमध्ये अशा चौकोनाला डिव्ह म्हणतात. आणि प्रत्येक दोन चौकोनांच्या मधे एक रिकामा, ठरलेल्या उंचीचा डिव्ह होता. त्या सगळ्यांना तिनं मेर हे नाव दिलं होतं.

"ही मेर. शेताची मेर असते ना, बांध," ती म्हणाली. "एकातलं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून."

"आणि या चौकोनांना तू उंची का दिलीस?"

"आधी कागदावर आखलं. मेरा घातल्या. मग आत मजकूर भरला."

आता मला सगळं दिसलं. खाडीकाठी शेत करायचं तर आधी बांध घालावा लागतो. बांध नसेल तर भरतीचं पाणी आत येणार. तिनं लहानपणापासून तेच पाहिलं होतं आणि वेब पेजही तसंच बांधलं. लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर ते उत्तम दिसत होतं. मोबाईलचा पडदा अरुंद. तोच मजकूर तिथे जास्त ओळी घेतो, म्हणजे उंच होतो. पण चौकोनाची उंची तिनं पक्की करून टाकलेली. मग मजकूर चौकोनातून उतू जाऊन मेरेवर, मेरेवरून खालच्या फोटोंवर.

मी तिला म्हटलं, "इथे उलटं असतं. आधी पाणी, मग बांध. तू नुसतं पाणी सोड. जेवढं पाणी असेल तेवढा चौकोन आपोआप उंच होतो. तू उंची सांगायचीच नाही."

"आणि दोघांच्या मधली जागा?"

"ती चौकोनालाच सांगायची. तुझ्या बाहेर एवढं अंतर सोड म्हणून. त्याला मार्जिन म्हणतात. वेगळा रिकामा डिव्ह घालावा लागत नाही."

तिचा विश्वास बसला नाही. उंचीची ओळ काढली तर सगळं कोसळेल असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, कोसळू दे, गिटमध्ये आहे. तिनं पहिल्या चौकोनाची उंची काढली. मोबाईलवर पान पुन्हा उघडलं. मेनू फोटोंवरून उतरून आपल्या जागी जाऊन बसला. तिनं दुसरी काढली. मग तिसरी. मग मी तिथे आहे हे ती विसरली आणि भराभर मेरा काढत सुटली. मी माझी खुर्ची जरा मागे सरकवली. मला फार बरं वाटलं, ते का सांगायचं नाही?

नंतर आम्ही केदारच्या कॉमेंट्स समोर घेतल्या. त्या उंचीमुळे आणि मेरांमुळे आलेल्या सगळ्या कॉमेंट्स मी तिला एकेक करून बंद करायला लावल्या. ढीग बसला. चूक एकच होती, ती जागोजागी झाली होती आणि केदारनं ती जागोजागी दाखवली होती. उरल्या त्या किरकोळ. फोटोंना वर्णन नव्हतं. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो, म्हणून ते लिहावं लागतं. तिनं नुसतं "फोटो एक, फोटो दोन" लिहिलं होतं.

मग मी तिला जे चांगलं होतं ते सांगितलं, आणि का चांगलं ते सांगितलं. नुसतं छान म्हणण्यानं नवीन माणसाला काही कळत नाही. तिनं फोटो वजनानं हलके केले होते, त्यामुळे राजोडीच्या रेंजमध्येही पान लगेच उघडलं असतं. फोन करायचं बटण अंगठ्याजवळ ठेवलं होतं. आणि फोटो खरे होते. काळसर वाळू, सुरूची झाडं, काकांच्या घरापुढचा ओटा. टेम्पलेटमधला निळाशार समुद्र आपल्याकडे कुठे आहे?

तिनं बंद झालेल्या कॉमेंट्स एकदा मोजल्या. मग म्हणाली, "एवढंच होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केबिनमध्ये गेली. मला म्हणाली, तुम्ही पण या. मी दाराशी उभी राहिले. तिनं न अडखळता सांगितलं. केदारचे कान लाल झाले. टेबलावर लेटर टाइप होऊन पडलं होतं, फक्त सही राहिली होती.

"मागच्या वर्षी एकाला याच कारणासाठी घरी पाठवलंय. माहितीय तुला?"

"हो सर."

"कॉमेंट कळली नाही तर विचारायचं. मी समोरच बसतो की. तुझ्यासाठी मी अख्खी संध्याकाळ बसून ते लिहिलं होतं."

तो खरंच बसला होता. त्याला लागलं होतं, तेही दिसत होतं.

हर्षला म्हणाली, "एकदोन चुका असत्या तर विचारलं असतं सर. सगळंच चूक म्हटल्यावर काय विचारायचं? मला वाटलं, तुम्हाला मी नकोय आणि तोंडावर सांगता येत नाही म्हणून लिहिताय."

केदारनं पेनाला टोपण लावलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी माझा मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं पान वरून खाली सरकवलं, परत वर नेलं, परत खाली आणलं.

"हे तिचं आधीचंच आहे?"

"आधीचंच," मी म्हटलं. "उंची काढली आणि मेरा काढल्या."

"पण मेर म्हणजे काय? मी विचारलं होतं, हिनं उत्तरच दिलं नाही."

"तो प्रश्न होता सर?" हर्षला म्हणाली. "मला वाटलं तुम्ही ओरडताय."

केदारला हसू आलं, पण ते त्यानं मोबाईलकडे बघत निभावलं. लेटर मात्र त्यानं ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाला, आज सही करणार नाही. फसवलंस हे फसवलंसच. ट्रायल एक महिना वाढवतो, टेम्पलेट आत्ता काढून टाक, आणि पुन्हा असं झालं तर मॅडम मधे पडल्या तरी मी ऐकणार नाही. मी मधे पडलेच नव्हते, पण तेव्हा ते सांगण्यात अर्थ नव्हता. मला त्याचं चुकलं असं वाटलं नाही.

दुपारी पीटर काका आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पान बघितलं, ओटा ओळखला आणि फोन नंबर मोठा करायला सांगितला. बाकी त्यांना काही म्हणायचं नव्हतं. घरी काय झालं ते हर्षलानं सोमवारी सांगितलं. दीर कुरकुरले. सासूबाई म्हणाल्या, एक महिना काय, बघता बघता जाईल, गाळा काही पळून जात नाही.

त्या महिन्यात केदारनं रिव्ह्यूची रीत थोडी बदलली. नवीन माणसाचा कोड असेल तर तो आधी खुर्ची घेऊन शेजारी बसतो आणि मग लिहितो. तीच चूक पुन्हा दिसली तर पुन्हा लिहीत नाही. दोन प्रश्नचिन्हं अजून टाकतो, ते माझ्या हयातीत सुटेल असं वाटत नाही.

हर्षलाचं पुढचं पेज आगाशीच्या एका मंगल कार्यालयाचं होतं. केदारच्या मोजक्याच कॉमेंट्स आल्या, एक सोडून बाकी तिनं लगेच निस्तरल्या. मी माझ्या कामात होते. मागून आवाज चढलेले ऐकू आले म्हणून वळून पाहिलं.

"लाल रंगावर हे पिवळं अक्षर वाचता येत नाही," केदार म्हणत होता.

"सर, लग्नाची पत्रिका अशीच असते. मी मुद्दाम केलंय."

"पत्रिका कागदावर असते."

"मग? लोकांना बघून लग्न वाटायला नको का?"

केदारनं तिला गॅलरीत नेलं आणि उन्हात मोबाईल धरून दाखवला. अक्षरं दिसत नव्हती. तिनं मोबाईल तिरका केला, हाताचा आडोसा केला, तरी दिसली नाहीत. तिचं चुकलं होतं. ती परत येऊन जागेवर बसली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि काम सुरू केलं. केदारनं ड्रॉवरमधलं लेटर काढलं आणि सही करून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मला म्हणाला, "तुम्हीच द्या. मी दिलं तर परत भांडेल."

इतकी वर्षं लोकांच्या चुका सांगून मला एवढं कळलंय की समोरच्यानं मान डोलावली म्हणजे आपलं सांगणं पोचलं असं नाही. तो भांडायला उभा राहिला तर पोचलं असण्याची शक्यता जास्त.

लेटर द्यायला मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिनं पिवळ्याच्या जागी पांढरा रंग टाकला होता. बाकी अख्ख्या पानातल्या एकाही ओळीला हात लावला नव्हता.